पॅमची चिठ्ठी लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, बारामतीचा पेपर पॅम (प्रालिडॉक्झिम, ओपीवरचा उतारा) द्या म्हणतो, श्रीलंकेचा म्हणतो उपयोग नाही. ओपीची, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेची, केस आली तर रात्री दोन वाजता मी कुणाचं ऐकू?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

दोन्ही पेपर पुन्हा काढ. या वेळी निष्कर्ष बाजूला ठेव आणि कुणाला काय दिलं होतं तेवढं बघ. बारामतीचा पवार आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पेशंट २००, विषबाधा मध्यम तीव्रतेची. पॅम दोन्ही गटांना मिळालं होतं! सुरुवातीचे २ ग्रॅम सगळ्यांनाच. पुढे ४८ तास एका गटाला दर तासाला १ ग्रॅम, दुसऱ्याला दर चार तासांनी १ ग्रॅम. मृत्यू १ टक्का आणि ८ टक्के. प्रश्न होता तो डोस किती आणि कसा द्यायचा याचा. एडलस्टन यांच्या श्रीलंकेतल्या २००९च्या अभ्यासात २३५ पेशंट होते आणि पॅमची तुलना सलाइनशी होती. पॅमच्या गटात २४.८ टक्के दगावले, सलाइनच्या गटात १५.८. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण फायदा दिसला नाही हे खरंच. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट टोचते. हे विष रक्तातलं जे एन्झाइम (कोलिनएस्टरेज) बंद पाडतं, ते पॅममुळे सुधारलं होतं. रिपोर्ट सुधारला, माणूस सुधारला नाही.

नातेवाइकांना विषाची बाटली आणायला सांगत जा. क्लोरपायरिफॉस असेल तर निम्मं एन्झाइम कायमचं निकामी व्हायला दिवसभराहून जास्त वेळ लागतो. मोनोक्रोटोफॉस असेल तर चारेक तासांतच. कायमचं निकामी झालेल्या एन्झाइमवर पॅम चालत नाही. खेड्यातून तालुक्याला आणि तिथून १०८ने तुझ्याकडे येईपर्यंत किती वेळ गेला, ते तूच मोज.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते. मी तुझ्या वयाचा असताना एक तरुण शेतकरी आला होता. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला फवारणीच्या औषधाचा तो उग्र वास. मी दोन अँप्युल ॲट्रोपिन (छातीतला स्राव सुकवणारं औषध) दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा दोन, आणि त्याच्या भावाला चिठ्ठी देऊन पॅम आणायला मेडिकलला पिटाळलं. मनात धरून बसलो की पॅम आलं की सगळं ठीक होईल. भाऊ पिशवी घेऊन धावत परत आला तेव्हाही छातीत घरघर तशीच होती. पहाटे तो शेतकरी गेला. त्या रात्री ॲट्रोपिन ट्रेमध्ये, माझ्या हाताशी होतं.

बांगलादेशातल्या चितगावमध्ये अबेदिन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं, २०१२ साली. जुन्या पद्धतीने ठरावीक अंतराने ॲट्रोपिन दिलं त्यांच्यात मृत्यू २२.५ टक्के. दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत नेला आणि मग ड्रिप चालू ठेवली त्यांच्यात ८ टक्के. औषध तेच, स्वस्तातलं. आपल्याकडचं अँप्युल ०.६ मिलिग्रॅमचं. आधी तीन अँप्युल, मग सहा, मग बारा, मग चोवीस. चौथ्या डोसलाच एकूण पंचेचाळीस अँप्युल होतात. पहिल्यांदा हात कचरेल. सिस्टर विचारतील, "डॉक्टर, एवढं?" तेव्हा शांतपणे हो म्हण. एक जण अँप्युल फोडायला, एक भरायला. वॉर्डबॉय मामांना सक्शन धरायला सांग, ऑक्सिजन आधीच लावलेला असू दे.

थांबायचं कुठे ते पेशंटच्या अंगावर कळतं. छाती मोकळी, नाडी ८०च्या वर, वरचं बीपी ८०च्या वर. काखेत हात घाल, कोरडी लागली पाहिजे. बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, त्यांची वाट बघत बसू नकोस. मग लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. पेशंट बडबडायला लागला, ताप चढला, पोटाचे आवाज थांबले, तर ड्रिप थांबव आणि पुन्हा तपास.

हे सगळं झाल्यावर पॅमचं बघ. पेशंट लवकर आलेला असेल आणि बाटली क्लोरपायरिफॉसची असेल, तर मी आजही देतो. युनिटचे सर नको म्हणाले, तर वाद घालत बसू नकोस. तो वाद सकाळीही होईल.

उद्या ड्युटी सुरू होण्याआधी स्टोअरमध्ये जाऊन ॲट्रोपिनची अँप्युल मोज. एका पेशंटला एका रात्रीत दोनशे लागलेली मी पाहिली आहेत. तेवढी नसतील तर इंडेंट (मागणीपत्र) आजच लिहून दे, आणि किती मिळाली ते मला कळव.

तुझा,
सर