तळघरातली हत्यारे आणि आगोटीची आवराआवर

प्रश्न : नमस्कार काका. आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या मैलावर, उतारावर आहे. रस्त्यावरून पाहिले तर एक मजला, वाडीतून पाहिले तर दोन. खालच्या खोलीला आम्ही तळघर म्हणतो. तिच्या तीन भिंती मातीत आहेत आणि एक दार वाडीकडे उघडते. भिंती चिऱ्याच्या, गिलावा नाही. घरची सगळी डागडुजी मामंजी स्वतः करायचे. ते गेल्यापासून करवती, रंधे, पहारी, खिळ्यांचे डबे, अर्धवट रंग, पाइपांचे तुकडे, सिमेंटच्या दोन गोणी, जास्तीची कौले असा सगळा ढीग तिथे पडून आहे. गडी कामाला आला की पक्कड सापडत नाही, मग नवी आणायची. अशा तीन पकडी झाल्या. मुलगा मुंबईहून लोखंडी रॅक पाठवतो म्हणतो. पाऊस लागायच्या आत कसे लावू?

उत्तर : वहिनी, रॅक घेऊ नको असे मुलाला आजच फोन करून सांगा. चिरा पाणी पितो हे तुम्हाला मी सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि तुमच्या तीन भिंतींमागे ती भिजलेली माती. वर समुद्राची खारी हवा. माझ्या घरच्या लोखंडी रॅकचे पाय दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्रे टाकायला लागले होते. तेव्हा पक्कड कुठल्या खणात ठेवायची ते नंतर बघू. आधी कुठली वस्तू ओलीला किती भिते ते बघा आणि जी फार भिते तिला त्या खोलीतून बाहेर काढा.

सगळ्यात भित्रे सिमेंट. गोणीवर ते भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचा. बंद गोणीतले सिमेंटसुद्धा हवेतली ओल ओढते. तीन महिन्यांत ताकद साधारण २० टक्के आणि सहा महिन्यांत ३० टक्के कमी होते असे बांधकामात धरतात. तळघरात तर त्याहून लवकर. आत गाठी असतील तर एक बोटांनी चुरून बघा. चुरली तर ते सिमेंट चाळून वाफ्याची कड लावायला, पायरीचा हललेला चिरा बसवायला वापरा, टाकीला किंवा स्लॅबला नको. चुरली नाही तर गोणी तशीच उचलून वाडीतल्या बांधाला टेकू म्हणून लावा. माझ्या बांधात अशा दोन आहेत, दगडाहून बऱ्या. नवे सिमेंट आगोटीच्या खरेदीत घेऊच नका. दसऱ्यानंतर काम निघेल तेव्हा लागेल तेवढे आणा.

दुसरे म्हणजे थिनर, टर्पेंटाइन आणि तेली रंग. यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. एका दाराच्या खोलीत तिला बाहेर जायला वाट नाही. पंपाचा स्टार्टर किंवा इन्व्हर्टर त्याच खोलीत असेल तर एक ठिणगी पुरे. हे डबे घट्ट बंद करून पडवीतल्या कुलुपाच्या कपाटात ठेवा, नाहीतर वाडीतल्या मांगरात. मामंजींच्या पॉलिशच्या चिंध्यांचा बोळा कुठे सापडला तर तोही आधी बाहेर न्या. अळशीचे तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर वाळता वाळता आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर सुट्या पसरून वाळवायच्या आणि मग फेकायच्या.

ढिगात मात्र हात घालू नका. आधी काठीने हलवा, हातमोजे घाला, कौले एकेक करून उचला. आपल्याकडचा लाल विंचू अशाच जागी बसतो. त्याच्या दंशावर प्राझोसिनची गोळी चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी जगाला दाखवून दिले, त्यामुळे आता पूर्वीइतकी माणसे दगावत नाहीत. पण चावला तर मंत्राच्या मागे न लागता थेट दवाखाना गाठायचा.

आता हत्यारे. इथे माझी फजिती सांगतो. मी आयटीआयमध्ये तीस वर्षे सुतारकाम शिकवले. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वडिलांच्या करवती आणि दोन रंधे गोणपाटात गुंडाळले, तेल घातलेल्या रेतीच्या पेटीत पुरले आणि निश्चिंत झालो. पद्धत चांगली आहे, कुदळी-फावड्यांसाठी ती चालते. पण रेती मी किनाऱ्यावरून आणली होती! खाऱ्या रेतीतले मीठ हवेतले पाणी ओढत राहिले आणि गोणपाटाने ते धरून ठेवले. दसऱ्याला पेटी उघडली तर करवतीचे दात बोटाने मोडत होते. इतरांना शिकवणारा मी, आणि पत्नीने ते चार दिवस सगळ्या वाडीला सांगितले.

म्हणून गुंडाळायचे काही नाही, टांगायचे. भिंतीपासून दोन बोटे अंतर राहील असा सागाचा किंवा फणसाचा फळा उभा करा, मागून हवा खेळली पाहिजे. फळ्यावर प्रत्येक हत्यार टांगून त्याची बाह्यरेषा खडूने काढा आणि मग रंगाने पक्की करा. गड्याने पक्कड नेली की तिची रिकामी आकृती दिसते आणि संध्याकाळी मागता येते. चौथी पक्कड लागणार नाही. फळ्याच्या मागच्या बाजूला काजूच्या टरफलाचे तेल लावा, वाळवी येत नाही. पण ते उघड्या हाताने लावू नका, कातडी भाजल्यासारखे फोड येतात.

टांगण्याआधी गंज काढायचा. लहान हत्यारे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी काथ्याने घासा, सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि त्याच दिवशी मशीनचे तेल पुसा. सोड्याचे पाणी चुकवले तर उरलेल्या आंबटामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस थर येतो. कोकमाच्या आगळाने गंज जातो का असे एका वाचकाने मला विचारले होते. थोडाफार जात असेलही, पण सोलकढी सोडून आगळ हत्यारांना पाजायची माझी तयारी नाही.

खिळे आणि स्क्रू काचेच्या बरण्यांत, झाकण प्लास्टिकचे. पत्र्याच्या डब्यात ते एकमेकांना गंजाने चिकटतात आणि आत काय आहे ते दिसत नाही. पाइपांचे तुकडे वाशांना सुंभाने आडवे टांगा. दोनच टोकांना आधार दिला तर मध्ये वाकतात, मध्येही एक फास हवा. कौले बाहेर पडवीच्या भिंतीशी उभी रचा. ती भिजली तरी त्यांचे काही बिघडत नाही.

रंधा, पटाशी, ड्रिल मशीन या किमती चीजा एका लाकडी कपाटात ठेवा आणि आत जुना झीरोचा बल्ब लावा. त्याचे नाव झीरो असले तरी तो पंधराएक वॅट वीज खातो आणि तेवढी ऊब कपाटाला पुरते. एलईडीचा उपयोग नाही, तो तापत नाही. कळीचा चुना मडक्यात ठेवायची जुनी रीतही चांगली, फक्त त्यावर पाणी सांडू देऊ नका, तो उकळतो. आणि पाऊस धरला की हवा यावी म्हणून दार सताड उघडे ठेवायची आपली सवय आहे, ती सोडा. बाहेरची दमट हवा थंड लादीवर येते आणि लादीला घाम फुटतो. दार उघडायचे ते कडक ऊन पडेल तेव्हा.

मिरगाला आठवडा उरला असेल तर सिमेंट, रंग आणि कपाट एवढेच करा. फळा खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारे पुजायला बाहेर काढावीच लागतात, तेव्हा मामंजींची करवत आधी पुसा आणि मग तिला कुंकू लावा.

प्रश्न : चिऱ्याच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही, भोक मोठे होते. (मालवण)

उत्तर : ड्रिलचा ठोका बंद करा, नुसते फिरवून भोक पाडा आणि बिट प्लगपेक्षा एक नंबर लहान घ्या. प्लग लांब हवा, तीन इंचांचा. तरीही हलला तर जुना उपाय करा : चिऱ्यात चौकोनी खाच, तिच्यात मागे रुंद आणि पुढे अरुंद असा सागाचा गुटका, भोवती सिमेंट. आठ दिवस थांबून मग त्या गुटक्यात स्क्रू मारा. आमच्या माजघरातला झोपाळ्याशेजारचा आरसा १९७४ पासून अशाच गुटक्यावर आहे.