तिसऱ्या घंटेच्या आधीचं काम

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सात वर्षांचा, मिक्सर लावला की गच्चीवर पळतो, कुकरच्या शिट्टीला कान झाकतो, मल्टिप्लेक्समधून दहा मिनिटांत उचलून बाहेर आणावा लागला. आता मेच्या सुट्टीत कोल्हापुरात शाहू स्मारकच्या हॉलला बालनाट्य आहे, चुलत भावंडं सगळी निघालीत आणि हाही "मी पण येणार" म्हणतोय. न्यायचं की नाही, हा तुमचा पेच.

न्या. फक्त या रविवारच्या प्रयोगाला नको, पुढचा बघा. मध्ये दोन-तीन आठवडे मिळाले पाहिजेत.

मी कुठल्या तोंडानं सांगतोय ते आधी सांगतो. वीसेक वर्षं मी इथल्या हौशी नाटकांचा साउंड बघतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे खूळ वेगळं. माझी मुलगी आता चौदाची आहे. तीही अशीच, आवाज आणि अंधार दोन्ही न सोसणारी. सहा वर्षांची असताना मोठ्या हौसेनं तिला एका नाटकाला नेलं. तिसरी घंटा झाली, एकदम काळोख, आणि त्या काळोखात विजेचा कडकडाट. पोरगी अशी किंचाळली की पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. "श्श्श" सुरू झालं. तिला कडेवर घेऊन दारापर्यंत आलो तर दारावरचा माणूस म्हणतो, आता मध्येच दार उघडता येणार नाही. त्या दोन मिनिटांत तिनं माझा खांदा चावून काढला.

रात्री मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणानं. असला कडकडाट मी स्वतः कितीतरी नाटकांत सोडलाय. त्या दिवशी बूथमध्ये मी असतो तर तेवढ्याच जोरात सोडला असता. प्रेक्षक दचकले की आम्ही एकमेकांकडं बघून हसतोसुद्धा. पण आम्ही का दचकत नाही? स्पीकरला खेटून विंगेत उभा असलेला नट का दचकत नाही? कारण कुठल्या वाक्यानंतर काय येणार ते त्याला ठाऊक असतं, तीस तालमी झालेल्या असतात. कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल मातीच आठवते, पण नाटकाची तालीम काही वेगळी नसते, अंगाला ओळख करून द्यायची. मग पोरानंच बिनतालमीचं का जायचं? माझं सांगणं एवढंच आहे, खाली आहे तो सगळा त्याचा तपशील.

मल्टिप्लेक्सच्या अनुभवावरून नाटकाचा अंदाज बांधू नका. सिनेमाचा आवाज चारी बाजूंनी येतो आणि दोन तास अंगावर येतच राहतो. नाटकात बहुतेक वेळ माणसं बोलत असतात. त्रासाच्या जागा मोजक्या, आणि त्या आधी विचारून घेता येतात. बालनाट्यात मात्र गाणी रेकॉर्ड केलेली आणि कर्ण्यासारखी लावलेली असतात, हे आमच्याच लोकांचं पाप आहे.

तर पहिलं काम फोन. जाहिरातीत किंवा तिकीट खिडकीवर नाटकाच्या व्यवस्थापकाचा नंबर मिळतो. सरळ सांगा, मुलाला आवाजाचा त्रास होतो, पाच गोष्टी विचारायच्या आहेत. सुरुवात अंधारात आहे का? धूर सोडता का? लखलखणारा लाईट आहे का? फटाका, बंदूक, वीज कुठं आहे? आणि पात्रं प्रेक्षकांतून पळत येतात का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बालनाट्यातला राक्षस हमखास मधल्या वाटेनं ओरडत येतो आणि कडेच्या पोराच्या डोक्यावर हात फिरवतो. ज्याला अचानक स्पर्श चालत नाही त्याच्यासाठी तो राक्षस खराच. व्यवस्थापक गडबडीत असला तर साउंडवाल्याचा नंबर मागा. आम्हाला अशा चौकश्या कोण करत नाही, त्यामुळं आनंदानं सांगतो. (आणि "त्या जागी जरा कमी ठेवतो" असंही बहुतेक जण म्हणतात. हाताशी बटणच असतं.) धुराचंही विचारलंत तर बरं, कारण पोरांना दिसण्यापेक्षा त्याचा वास आणि मशीनचा फुस्स आवाज जास्त लागतो. वासावरून आठवलं, पडदा उघडायच्या आधी आत नारळ फुटतो, उदबत्त्या लागतात. पहिल्या चार रांगांत तो वास येतो. तुमच्या मुलाला वासाचं वावडं असलं तर आधी सांगून ठेवा.

मग घरची तालीम. चादरीचा पडदा, टॉर्चचा लाईट, देवघरातली घंटा. पहिली घंटा: पाणी, बाथरूम. दुसरी घंटा: खुर्चीवर. तिसरी: दिवे बंद. पहिल्या दिवशी घंटा त्यालाच वाजवू द्या आणि बटणही त्यालाच बंद करू द्या. स्वतःच्या हातानं केलेला अंधार सोसतो. तीन सेकंदांपासून सुरुवात करा, हळूहळू मिनिटावर न्या. मग टाळ्या. टाळ्यांचा विचार कुणी करत नाही, पण तीनशे माणसं एकदम टाळ्या वाजवतात तेव्हा तो आवाज स्पीकरपेक्षा वाईट, कारण तो कुठून येतोय ते कळत नाही. मोबाईलवर टाळ्यांचं रेकॉर्डिंग लावा, आधी अगदी बारीक. आमच्याकडं मुलीनं टाळ्यांच्या वेळी काय करायचं ते स्वतःच ठरवलं: दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. अजून तसंच करते.

चित्रांची गोष्ट करा. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेनं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली, आता आपल्याकडंही थेरपिस्ट ती सांगतात. घरापासून हॉलपर्यंतचे दहा-बारा फोटो, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायचे, प्रत्येकाखाली एक-दोन ओळी. "आम्ही दसरा चौकात उतरतो. दारावरचे काका तिकीट फाडतात. कधीकधी लोक मोठ्यानं हसतात. मला नको वाटलं तर मी आईचा हात दाबतो, आम्ही बाहेर जातो." बऱ्याच जणांची चूक इथं होते. ते गोष्टीच्या नावाखाली हुकूम लिहितात: मी शांत बसेन, मी रडणार नाही. तसलं काही नको. काय होणार आहे ते लिहा, काय करता येईल ते लिहा. रोज एकदा वाचा. उजळणी घेऊ नका.

शाहू स्मारकला एक सोय अशी की तिथल्या कलादालनात चित्रांची प्रदर्शनं लागतात. एखाद्या दुपारी प्रदर्शनाच्या निमित्तानं जा, पायऱ्या, दार, बाथरूम सगळं दाखवून आणा. बाथरूमचा फ्लश, हात वाळवायचं मशीन असलं तर ते, हेही तालमीत धरा. चौकीदाराला विचारलं तर रिकामा हॉलही बघू देतात का ते कळेल.

या रिकाम्या हॉलवरून एक सांगतो. माझ्या मुलीची अशी तालीम केशवराव भोसले नाट्यगृहात झाली. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ साली उघडलेलं आपलं पॅलेस थिएटर. एका नाटकाचा सेट लावायला दुपारी गेलो होतो, हिला घेऊन. रिकाम्या रांगांतून तासभर फिरली, स्टेजवर उभी राहून स्वतःचा आवाज ऐकला. तिचं फोटोंचं पुस्तक त्याच थिएटरचं होतं आणि पुढं चार नाटकं तिनं तिथं बघितली. मग ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. आम्ही खासबागेकडून लांबूनच बघत उभे होतो, माझ्या वयाची माणसं रडत होती. घरी मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. हिच्या लेखी नाटक म्हणजे ती इमारत. दुसऱ्या हॉलला यायलाच तयार नाही. सहा-सात महिने नाटक बंद. शेवटी पेटाळ्यावरच्या गडकरी हॉलचे फोटो काढले, जुन्या पुस्तकातली दाराची, रांगांची पानं काढून तिथं ती लावली, घंटेचं आणि पडद्याचं पान तसंच ठेवलं. तेव्हा कुठं पेटाळ्याला आली. म्हणून तुमच्या पुस्तकात पहिल्यापासून दोन हॉल घाला. एक पान जास्तीचं, पण पुढचा त्रास वाचतो.

प्रयोगाच्या दिवशी पोट भरलेलं पाहिजे आणि अंग हललेलं पाहिजे. जड काम केलं, ओढलं-ढकललं, चाललं की अशा मुलांचं अंग निवांत होतं. जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं १९७०च्या दशकात मांडलेल्या विचारातनं हे आलंय, पण आमच्या आजीला ते तसंही माहीत होतं: पोरगं किरकिर करायला लागलं की ती त्याला पाण्याची कळशी उचलायला लावायची. आम्ही नाटकाआधी रंकाळ्यावर एक चक्कर मारतो. नवीन कपडे नकोत, लेबल कापलेला जुना टी-शर्ट बरा. खिशात चघळायला खारीक.

खुर्ची कडेची, दाराच्या बाजूची, हॉलच्या मागच्या अर्ध्यात. लोक प्रेमानं म्हणतात, "बाळाला पुढं बसवा, दिसेल." अजिबात नको. मोठे स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना असतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींमुळं तेवढा उतरत नाही, पण दुसरी रांग आणि बारावी रांग यांत फरक कानाला कळतोच. आणि ती मिटणारी खुर्ची! वीस किलोचं पोर बसलं की सीट वर येते आणि ते मध्ये अडकतं. खाली दप्तर घाला, नाहीतर अर्धी भीती तिथंच बसते.

कानावरचे इअर मफ घ्या, पण नाटकाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. घरी मिक्सर लावायच्या वेळी आठवडाभर सवय करा. दिवसभर घालून ठेवायचे नाहीत, कान आणखी हळवे होतात असं आमच्या थेरपिस्टचं मत आणि माझाही अनुभव. नाटकात ते गळ्यात असू देत. कधी वर घ्यायचे ते त्याचं तो ठरवेल.

अर्ध्यातून उठायची तयारी ठेवूनच जा. भावंडांबरोबर दुसरं मोठं माणूस पाहिजे, म्हणजे तुम्ही बाहेर आलात तरी बाकीच्यांचं नाटक बुडणार नाही, आणि "तुझ्यामुळं" हा शब्द कुणाच्या तोंडी येणार नाही. माझी मुलगी दुसऱ्या खेपेला पहिला अंकही पुरा न बघता बाहेर आली. लॉबीत बसून वडा खाल्ला, परत पाच मिनिटं आत गेली, घरी आलो. तिसऱ्या खेपेला मध्यंतरापर्यंत. दारावरच्या माणसाशी मात्र नाटक सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सांस्कृतिक कार्यक्रमांत भाग घ्यायचा हक्कही आहे. पण अंधारात, पोर कडेवर असताना कायदा सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका. घंटेच्या आधी "काका, आम्हाला मध्ये उठावं लागेल" एवढं म्हटलं की तोच माणूस स्वतः दार धरून उभा राहतो, हे मी कितीदा बघितलंय.

परदेशात अशा मुलांसाठी वेगळे प्रयोगच करतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११च्या ऑक्टोबरात पहिला झाला: आवाज उतरवलेला, लखलखाट काढलेला, उठायला-बोलायला मोकळीक. आपल्या हौशी मंडळींना एक प्रयोग असा करायला अवघड नाही, हॉलचे मागचे दोन दिवे चालू ठेवायचे आणि साउंडवाल्यानं हात आवरायचा. मी आमच्या ग्रुपमध्ये विषय काढलाय, "बघूया" म्हणालेत. तोवर मुलाला एखाद्या हौशी ग्रुपच्या तालमीला घेऊन जा. लाईट पुरा, माणसं दहा, नट चुकतात, थांबतात, परत म्हणतात. पोरांना ते फार आवडतं. गणपतीतले सजीव देखावे मात्र पायरी म्हणून धरू नका. छोटे असतात हे खरं, पण बाहेर डॉल्बी आणि गर्दी, पळायलाही जागा नाही.

आणि तालमीला देवघरातली घंटा वापरणार असाल तर एक तयारी ठेवा. आमच्याकडं अजून आरती सुरू झाली की मुलगी घंटेचे ठोके मोजते आणि तिसऱ्या ठोक्याला उठून लाईट बंद करते.