चार बोल्टचे हब पाच बोल्टचे करायचे, पण ब्रेक मूळचेच ठेवायचे: कसं जमवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीला ४×१०० चे (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट) हब आहेत, बसवायची चाकं ५×११४.३ ची आहेत, आणि कॅलिपर, पॅड, मास्टर सिलिंडर यांपैकी काहीच बदलायचं नाही. जमतं. हब मिळवणं हा त्यातला सोपा भाग. खरी मेख डिस्कमध्ये आहे. नव्या हबवर चढवल्यावर डिस्क कॅलिपरच्या मधोमध, पूर्वी होती अगदी तिथेच यायला हवी. खाली जी मापं सांगतो ती सगळी याच एका अटीसाठी आहेत.

आधी चाकांची खात्री करा. पाच भोकांचा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) समोरासमोर मोजता येत नाही. एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंत, केंद्र ते केंद्र अंतर घ्या आणि ०.९५१ ने भागा. १०८.७ मिमी आलं तर पीसीडी ११४.३.

हब शोधताना तुमच्याच गाडीच्या मोठ्या इंजिनाच्या किंवा त्याच प्लॅटफॉर्मवरच्या दुसऱ्या मॉडेलपासून सुरुवात करा. नकल (हब आणि ब्रेक ज्यावर बसतात तो भाग) आणि बेअरिंग सारखं आणि फ्लँज (हबची चकती, जिच्यावर डिस्क आणि चाक बसतं) तेवढी पाच भोकांची, अशी जोडी तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. हब हातात आलं की जुन्याशेजारी ठेवून व्हर्नियरने मोजा. बेअरिंगमध्ये जाणाऱ्या दांड्याचा व्यास तोच हवा. पुढच्या चाकाचं हब असेल तर स्प्लाइनचे (शाफ्ट अडकतो त्या आतल्या खाचांचे) दात मोजा आणि ड्राइव्ह शाफ्ट हाताने घालून पाहा. तो सरळ जायला हवा, पण फिरवल्यावर खुळखुळता कामा नये. बेअरिंग टेकतं त्या खांद्यापासून डिस्क टेकते त्या पृष्ठभागापर्यंतची उंची घ्या. फ्लँजचा बाहेरचा व्यास घ्या. मधल्या उंचवट्याला बहुधा दोन पायऱ्या असतात, एक डिस्कसाठी आणि एक चाकासाठी. दोन्हींचे व्यास लिहून ठेवा.

यात फ्लँजच्या व्यासाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं आणि काम तिथेच अडतं. पाच बोल्टची फ्लँज मोठी असते आणि मूळ डिस्कच्या टोपीत (मधल्या खोलगट भागात) ती मावतच नाही. भोवती निदान एक मिलिमीटर मोकळी जागा हवी. लेथवर फ्लँजची कड उतरवता येते, पण मर्यादा आहे: ११४.३ च्या वर्तुळावर साधारण १४.३ मिमीचं स्टडचं भोक म्हणजे भोकांची बाहेरची कड १२८.६ मिमीवर येते. भोकाबाहेर चार-पाच मिलिमीटर धातू राखायचा तर १३७-१३८ च्या खाली जाऊ नका. भोवतीची मोकळी जागा धरून टोपीचा आतला व्यास १३९-१४० पेक्षा लहान असेल तर ती डिस्क विसरा.

आता मूळ डिस्कला नवी भोकं पाडण्याविषयी. ‘पाच भोकं पाडून घ्या, झालं’ असं सर्रास सांगितलं जातं. भूमिती तसं म्हणत नाही. चार भोकं ९० अंशांवर, पाच ७२ अंशांवर. नवी भोकं कशीही फिरवली तरी निदान एक तरी जुन्या भोकाच्या ९ अंशांच्या आत येतंच. ४×१०० वर ५×११४.३ पाडताना सगळ्यात सोयीच्या कोनातसुद्धा दोन केंद्रांत फक्त ११ मिमी अंतर राहतं. भोकं १३ मिमीची असतील तर ती एकमेकांत घुसणारच. पीसीडी तोच राहत असेल, म्हणजे ४×११४.३ चे ५×११४.३, तर एक भोक सामाईक धरायचं. मग सर्वांत जवळच्या जोडीत १७.९ मिमी अंतर मिळतं आणि मध्ये जवळपास ५ मिमी धातू उरतो. ते चालतं. जुनी भोकं वेल्डिंगने बुजवून पुन्हा पाडणं मात्र नको. डिस्क बिडाची असते, वेल्डशेजारी ती तडकते, आणि तडा गेलेली टोपी तुटते ती ब्रेक जोरात दाबल्यावरच.

म्हणून तुमच्यासाठी माझा स्पष्ट सल्ला: मूळ डिस्कइतकाच व्यास, तीच जाडी आणि टोपीची तीच उंची असलेली, कारखान्यातूनच ५×११४.३ भोकं घेऊन आलेली डिस्क शोधा. डिस्क उत्पादकांच्या कॅटलॉगात ही तिन्ही मापं दिलेली असतात. मधलं भोक लहान असलं तरी चालेल, ते लेथवर वाढवता येतं. फक्त डिस्क पकडताना घर्षणाच्या पृष्ठभागाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारं उपकरण) लावून ती सरळ करायला सांगा. मधलं भोक मोठं असेल तर कडी बसवावी लागते. डिस्कला केंद्रात धरतो तो हबचा उंचवटा. स्टडच्या भरवशावर डिस्क सोडू नका.

फ्लँजची उंची जुळली नाही तर काय? सरकत्या कॅलिपरला अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक पचतो. त्यापुढे नाही, कारण कॅलिपर पिनांवर सरकतो पण ब्रॅकेट जागचं हलत नाही, आणि डिस्क त्याला घासू लागते. डिस्क आत गेली असेल तर हब आणि डिस्क यांच्यामध्ये पूर्ण पृष्ठभागाची, दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेली पोलादी रिंग घाला. प्रत्येक स्टडवर सुटे वॉशर घालून हे काम करू नका, डिस्क वाकते. डिस्क बाहेर आली असेल आणि ब्रॅकेट नकलच्या बाहेरच्या बाजूला बसत असेल, तर दोन्हींमध्ये सारख्या जाडीच्या पोलादी पट्ट्या टाकून ब्रॅकेट तेवढंच बाहेर घेता येतं. बोल्ट त्या प्रमाणात लांब हवेत. ब्रॅकेट आतल्या बाजूला बसत असेल तर पट्टी उलट दिशेला ढकलते. तेव्हा दुसरं हब शोधणंच बरं.

बेअरिंग नवंच घ्या, कारण हब ओढून काढताना जुनं खराब होतं. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर, आणि त्यात हब दाबताना टेकू आतल्या रिंगला. उलटं केलं की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि लवकरच घुमल्यासारखा आवाज सुरू होतो. एबीएस असेल तर बेअरिंगची चुंबकीय बाजू सेन्सरकडेच यायला हवी. पेपरक्लिप जवळ नेली की कुठली बाजू ते कळतं. ध्रुवांची किंवा दातांची संख्याही मूळ बेअरिंगइतकीच हवी, नाहीतर एबीएस त्या चाकाचा वेग चुकीचा वाचतं. शाफ्टचा नट नवा वापरा आणि तो गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर आवळेपर्यंत गाडी चाकांवर टेकवू नका. तोपर्यंत बेअरिंगला धरून ठेवणारं काही नसतं.

ब्रेकची लाइन उघडावीच लागत नाही, हा मूळ ब्रेक ठेवण्याचा मोठा फायदा. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. डिस्क चढवून नट आवळा आणि कडेपासून १० मिमी आत डायल गेज लावा. हबच्या फ्लँजवर ०.०५ मिमी आणि डिस्कवर ०.१० मिमीपेक्षा जास्त काटा हलला तर थांबा. बहुतेक वेळा गंजाचा पापुद्रा किंवा भोकाच्या कडेची बर (धातूची खरखरीत कड) सापडते. हे तसंच सोडलं की काही हजार किलोमीटरमध्ये डिस्कची जाडी असमान होते आणि पेडल पायाखाली थरथरतं.

मागे ड्रम असतील तर भोकांचं गणित तेच. शिवाय ड्रमची कड आणि बॅकप्लेट यांतली फट आधीइतकीच राहायला हवी. बेअरिंग ड्रमच्या आतच बसणारी रचना असेल तर मूळ ड्रम ठेवून हे काम होत नाही.

स्टड प्रेसने बसवा. १२×१.५ चा नट किमान आठ फेरे चढायला हवा. चाकाचं मधलं भोक ६७.१ आणि हबचा उंचवटा ६०.१ असेल तर त्याच मापाची सेंटरिंग रिंग घाला. चाक बसवल्यावर स्पोक आणि कॅलिपर यांच्यात ३ मिमी तरी जागा हवी.

एक पर्याय आहे: चाकांचा ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, मिमीमध्ये) ४५-५० असेल आणि फेंडरमध्ये जागा असेल, तर २० मिमीचा बोल्ट-ऑन अडॅप्टर लावून ब्रेकला हातही न लावता काम होतं. ४५ चा ऑफसेट मग २५ सारखा वागतो आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. तेवढी जागा नसेल तरच हबच्या वाटेला जा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या १०० किमीनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. आणि स्टेपनीही पाच बोल्टची घ्या, जुनी आता एकाही हबवर बसणार नाही.