पाच वर्षं उलटली की ताबा बापाचा, असं काही नसतं

दादा, बायकोपासून वेगळं होताना तुम्हाला मुलीचा ताबा हवाय. मुलगी साडेसहा वर्षांची, पगार बायकोच्या दुप्पट, फ्लॅट स्वतःचा. आणि कुणीतरी सांगितलंय की मूल पाच वर्षांचं झालं की ताबा वडिलांनाच मिळतो. आठ वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं होतं, म्हणून लिहितोय.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं सहावं कलम ताब्याबद्दल एवढंच म्हणतं, की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं. पाचानंतर ते बापाकडे द्या, असं त्यात कुठेही नाही. तेराव्या कलमात तर स्पष्टच आहे की मुलाचं हित सर्वांत आधी. पगाराचं म्हणाल, तर मूल आईकडे ठेवूनही कोर्ट बापाला खर्च द्यायला लावतं.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, बाळदम्याचा. फॅमिली कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना वेगवेगळं बसवलं आणि एकेक कोरा कागद दिला. म्हणाल्या, "त्याचा कालचा दिवस लिहा. उठल्यापासून झोपेपर्यंत." मी सकाळची स्कूलबस लिहिली, रात्रीचं जेवण लिहिलं. मधे चार ओळी सोडल्या, आठवलं की भरू म्हणून. त्या तशाच राहिल्या. पंपाचे पफ किती, स्पेसर कुठल्या खणात, डबा अर्धा परत आला की संध्याकाळी तो काय मागतो, मला काही म्हणजे काही सांगता येईना. बायकोचा कागद पाठपोट भरला होता. माझा त्याच्यावर जीव होता, आजही आहे. पण त्याचा दिवस तिच्या हातात होता. मी ताब्याचा अर्ज मागे घेतला. माझी आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

भेटीसाठी मात्र मी हटून बसलो. संमतीच्या अटींत, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या कागदात, 'सोयीनुसार भेट' असलं मोघम काही लिहू देऊ नका, ती सोय पुढे कधीच जमत नाही. एक आड एक शनिवार-रविवार मुक्कामासह, दिवाळीची आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी, रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल, प्रगतिपुस्तकाची आणि डॉक्टरांच्या कागदांची प्रत, असं सगळं तपशिलानं लिहून घ्या. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश बदलून मागता येतो, तो काही जन्माचा नसतो.

आणि मुलीला "कुणाकडे राहायचं?" असं कृपा करून विचारू नका. न्यायाधीशांना गरज वाटली तर ते तिच्याशी चेंबरमध्ये बोलतील. पढवून पाठवलेलं पोर तिथे लगेच कळतं, आणि ते ओझं तिला पुढे किती वर्षं वाहावं लागेल याचा विचार करा.

वकिलाकडे जाण्याआधी आज रात्री तो कागद लिहा, बायकोला काही न विचारता. भरला, तर ताबा जरूर मागा, बापालाही मिळतो. चार ओळी रिकाम्या राहिल्या, तर भेटीच्या अटींवर जोर लावा.