२६ जानेवारीला एकटाच निघतोयस, तर...

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फ्लॅटवरचे दोघं गावी चाललेत, तुझं घर पार विदर्भात, एका सुट्टीसाठी तिकडे जाऊन येणं जमत नाही, म्हणून बाइक काढून हंपी करून यायचं म्हणतोस. आणि शेवटी हळूच विचारलंयस की सणाच्या दिवशी एकट्याने फिरणं विचित्र दिसेल का.

दिसू दे की. पण हंपी नको. पुण्याहून साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे ते. दोन दिवसांत जाऊन आलास तर हंपी राहील बाजूला, हायवे तेवढा बघून येशील. आणि लोणावळा, महाबळेश्वर तर अजिबातच नको. सुट्टी आली की अर्धं पुणं घाटाकडे धावतं. एकट्या माणसाला एकटेपणा खरा टोचतो तो अशाच गर्दीत, हॉटेलात शिरताना "किती जण?" विचारतात तेव्हा.

तू उलटा, पूर्वेला जा. सोलापूर गाठ. अडीचशे किलोमीटर, रस्ता चौपदरी, आणि सहलीवाले तुरळक. २७ ची रजा टाक, म्हणजे त्याच दिवशी परतायची घाई नाही.

तू सण म्हणालास म्हणून सांगतो. दिवाळीला एकटं राहणं जड जातं, कारण दिवाळी घरची असते. आपलं घर नसेल तिथे कुणी बोलवावं लागतं. २६ जानेवारीला कुणाच्या आमंत्रणाची गरजच नाही. कुठल्याही गावातल्या शाळेच्या मैदानात जाऊन उभा राहा, "तू कोण?" असं कुणी विचारणार नाही. विचारलंच तर चहा देण्यासाठी. एकट्याने साजरा करायला याच्याइतका सोयीचा दिवस कॅलेंडरात दुसरा नाही, असं माझं मत आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. सहापर्यंत हडपसर मागे टाक. थंडी असते, स्वेटरवर जाड जॅकेट आणि हातमोजे घाल, जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेव (हसू नकोस, ठेवून बघ). साधारण सातनंतर सूर्य वर येतो, आणि जानेवारीत तो बरोबर या रस्त्याच्या नाकासमोर उगवतो. तास-दीड तास डोळ्यांवर ऊन येतं, समोरचं वाहन काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. त्या वेळात गाडी हाकण्यात अर्थ नाही. उरुळी कांचन, यवत, पाटस, जिथे पोचला असशील तिथे हायवे सोडून गावात शिर आणि झेडपीची शाळा शोध. शोधायची तरी कशाला, स्पीकर ऐकू येतोच.

गाडी फाटकाबाहेर लाव, हेल्मेट काढ, मागे उभा राहा. फक्कीने आखलेल्या रेघांवर पोरं उभी असतील, काहींच्या शर्टाला इस्त्रीच्या घड्या तशाच. दोरीची गाठ नेमकी अडकते, सरपंच ओढतात, गुरुजी वर बघत "हळू, हळू" म्हणतात; मग झटका बसून झेंडा उलगडतो आणि आतल्या झेंडूच्या पाकळ्या पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर पडतात. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. त्यानंतर एखादी सातवीतली मुलगी संविधानाची उद्देशिका म्हणेल आणि "सार्वभौम"ला नक्की अडखळेल. मग भाषणं. भाषणांना थांबलाच पाहिजेस असं नाही. जिलेबीला थांब. मुलांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नकोस, आणि रील तर नकोच.

सोलापूरच का, हेही सांगतो. संविधान लागू करायला २६ जानेवारी १९५० ही तारीख मुद्दाम निवडली, कारण १९३० साली याच दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती. हे तू शाळेत वाचलंयस. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव असं पेटलं की इंग्रजांनी तिथे मार्शल लॉ लावला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, ती येरवड्याच्या तुरुंगात. म्हणजे तुझ्या फ्लॅटपासून हाकेच्या अंतरावर. कुर्बान हुसेन तेव्हा विशीतले होते, जवळजवळ तुझ्याच वयाचे. सोलापुरात पार्क चौकाजवळ चौघांचे पुतळे आहेत. "चार पुतळा" म्हटलं की रिक्षावाला सोडतो. येरवड्याहून निघून त्या चौकात पोचलास की ट्रिप पुरी झाली असं समज. बाकी सगळं वरकड.

वाटेत भिगवणला कुंभारगावच्या बाजूला उजनीचं पाणी आहे, हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. मच्छीमारांच्या होड्या नेतात. पण पक्षी बघायला पहाटे लागतं आणि तू पोचेस्तोवर ऊन चढलेलं असेल. भिगवणला चिलापी माशाचं ताट खा आणि पुढे हो.

खरी जड जाते ती दुपार. सकाळी साडेदहापर्यंत सगळं आटोपतं, शाळेच्या खुर्च्या आत जातात, गाव जेवायला घरी. मग तू एकटा आणि रस्ता. तेव्हा फोन काढून मित्रांचे घरचे फोटो बघत बसशील, आणि पोटात कसंसं होईल. होऊ दे, त्यात बिघडलेलं काही नसतं. फक्त हातांना काम दे. जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस. मोहोळकडे शेतांत हुरडा पार्ट्या चालतात, आदल्या दिवशी फोन करून "एकटाच आहे, चालेल का?" आणि माणशी किती, हे विचारून घे. आगटीभोवती बसलं की कणसं चोळणारा माणूस गरम दाणे ज्याचा हात पुढे येईल त्याच्या हातावर टाकतो. शेंगाचटणी, गूळ, बोटं काळी. शेजारी कोण बसलंय, कुठल्या गावचं, हे पाच मिनिटांत कळतं.

अंधार पडायच्या आत मात्र सोलापुरात पोच. यावर वाद नको. जानेवारीत साडेसहापर्यंत दिवस मावळतो आणि उसाचा हंगाम ऐन भरात असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. टायर फुटला तर चाकाला लावलेला दगड तसाच रस्त्यात सोडून जातात. चौपदरी रस्त्यावर तो दगड तुला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

लॉजवाले कधी कधी एकट्याला खोली द्यायला कां-कूं करतात, तेव्हा आधीच फोन करून ठेव आणि आधार कार्ड जवळ ठेव. २६ ला ड्राय डे आहे. त्या रात्री ढाबे शांत असतात, एकट्याने जेवायला बरं. शंभर-पन्नासच्या नोटा ठेव. ट्यूबलेस टायरचं पंक्चर किट ठेव, कारण गॅरेजवालाही त्या दिवशी झेंडावंदनाला गेलेला असतो. आणि आईला "मित्रांबरोबर चाललोय" असं सांगू नकोस. तिला रस्त्याचं नाव, लॉजचा नंबर आणि लाइव्ह लोकेशन दे. ती काळजी करणारच. निदान खरी करू दे.

राहिलं नळदुर्ग. सोलापूरच्या पुढे पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल, सतराव्या शतकातला. तुला मोह होणार. पण २७ ला तिकडे गेलास तर उजेडात पुणं गाठणं अवघड. मी असतो तर गेलो असतो आणि २८ चीही रजा टाकली असती. मागून बघ, वर्षभरात तू मागितली तरी किती आहेस?

तुझा,
सर