वाचक विचारतात : एक चळवळ आणि तिच्या तीन बातम्या

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीतील तरुणांच्या अभ्यासगटात अमेरिकेतील ‘इमर्जिंग चर्च’ या, उपासनेच्या आणि मंडळीच्या नव्या रीती शोधणाऱ्या ख्रिस्ती चळवळीविषयीचे काही जुने लेख वाचण्यात आले. एका लेखात तिला नवा पंथ म्हटले आहे, दुसऱ्यात ती प्राचीन उपासनेकडे परतण्याची धडपड ठरते, तर तिसऱ्यात तिच्यावर थेट सत्याशी तडजोड केल्याचा ठपका आहे. यातले खरे काय मानावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : तिन्ही लेखकांनी काहीतरी पाहिले होते, हे आधी मान्य करू. या चळवळीला ना मुख्य कार्यालय होते, ना सर्वांना बांधणारा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा ठरलेला मसुदा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही तरुण पाळकांमध्ये सुरू झालेल्या चर्चेतून ती वाढली, आणि तिच्यातील अनेकजण तिला चळवळ न म्हणता ‘संवाद’च म्हणत. बातमीदाराची अडचण इथेच होते, कारण संवादाचे छायाचित्र काढता येत नाही. त्यांच्या उपासनेतल्या मेणबत्त्या, सोफे आणि कॉफीचे पेले यांचे मात्र काढता येते, आणि तेच छापून आले. पैठणच्या नाथषष्ठीची बातमी गर्दीच्या आकड्यावर संपते, वर्षभर भजनाला बसणारे चारजण तिच्यात येत नाहीत, तसेच हे.

दुसरी गरज चेहऱ्याची. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या अमेरिकी ख्रिस्ती मासिकाने नोव्हेंबर २००४ मध्ये या विषयाला मुखपृष्ठावर स्थान दिले, फेब्रुवारी २००५ मध्ये ‘टाइम’ने पंचवीस प्रभावशाली इव्हॅंजेलिकलांच्या (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या) यादीत या चळवळीतील पाळक-लेखक ब्रायन मॅक्लॅरन यांचा समावेश केला. तेव्हापासून मॅक्लॅरन जे म्हणतील ते साऱ्या चळवळीचे मत, असा समज रूढ झाला. वस्तुतः सुरुवातीला याच वर्तुळात वावरणारे सिअ‍ॅटलचे पाळक मार्क ड्रिस्कॉल कट्टर कॅल्विनवादी, म्हणजे धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांची शिकवण मानणारे होते आणि पुढे त्यांनी मॅक्लॅरन यांच्यावर उघड टीका करून वेगळी वाट धरली. ज्या बातमीत ही दोन नावे एका ओळीत, जणू एकाच मताची म्हणून येतात, तिच्या लेखकाने दोघांची प्रवचने ऐकली असतील का, याची मला शंका आहे. आपणही यात मागे नाही म्हणा. जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीची गोष्ट तिचे संस्थापक रेव्ह. नारायण शेषाद्री यांच्या नावाने सांगतो, आणि तिथे वस्ती करून राहिलेल्या कुटुंबांविषयी क्वचितच विचारतो.

तडजोडीचा ठपका ठेवणारा तिसरा लेख मात्र मी बाजूला टाकणार नाही. सत्य, बायबलचा अधिकार आणि तारण (पापातून मुक्ती) या प्रश्नांवर काही प्रवक्ते खरोखरच संदिग्ध बोलत होते, आणि सोफ्यांच्या वर्णनापेक्षा तो आक्षेप अधिक गंभीरपणे घेण्यासारखा आहे. दोष एवढाच, की काहींच्या विधानांचे ओझे त्याने सर्वांच्या माथी मारले.

तेव्हा अभ्यासगटात प्रत्येक लेखाचे वर्ष आधी फळ्यावर लिहावे, कारण २००० चे दशक संपता संपता हे नाव स्वतःला लावून घेणारे कमी होत गेले होते. त्यानंतर लेखकाने एखाद्या मंडळीत प्रत्यक्ष उपासनेला बसून लिहिले आहे की दोन पाळकांच्या मुलाखतींवर भागवले आहे, हे पाहावे. ‘पंथ’ हा शब्द वापरणाऱ्या लेखाला या कसोटीवर उतरणे बहुधा जड जाईल.