रात्री अचानक दुखणे उद्भवले, तर कोठे जावे?

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या सासूबाईंचे तोंड एका बाजूला वाकडे झाले आणि उजव्या हातातला पेला गळून पडला. फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, म्हणून आम्ही घराजवळच्या एका लहान रुग्णालयात गेलो. तेथे सलाईन लावले; सीटी स्कॅनची सोय नाही, हे मात्र पहाटे कळले. त्या आता चालतात, पण हात अजून उचलत नाही. अशा वेळी कोठे न्यावे, हे आमच्यासारख्यांनी कसे ठरवावे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : सासूबाईंचा त्रास वाचून वाईट वाटले. त्यांची फिजिओथेरपी नेटाने चालू ठेवा. पहिल्या काही महिन्यांत हाताची ताकद बरीच सुधारू शकते.

घाबरलेला माणूस जवळचा दरवाजा ठोठावतो, हे स्वाभाविक आहे. परंतु काही आजारांत रुग्णालय किती जवळ आहे यापेक्षा तेथे त्या घटकेला काय उपलब्ध आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची सीटी स्कॅनने खात्री झाल्याशिवाय ते देता येत नाही. म्हणून अशा रुग्णाला चोवीस तास सीटी स्कॅन आणि तज्ज्ञ डॉक्टर असलेल्या रुग्णालयातच थेट न्यावे. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तोपर्यंत पाणी, चहा किंवा गोळी तोंडाने देऊ नये. गिळण्याची क्रिया मंदावलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते.

छातीत दडपण, दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल, तर ईसीजी ताबडतोब निघेल आणि अँजिओप्लास्टीची सोय असेल असे ठिकाण गाठावे. मधुमेही आणि वयस्कर स्त्रियांमध्ये कधी कधी नुसता दम लागतो किंवा पोटात गॅस झाल्यासारखे वाटते. अशा वेळी ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ असे म्हणून रात्र काढणे जिवावर बेतू शकते.

सर्पदंशाचे गणित मात्र वेगळे आहे. पेठ किंवा सुरगाण्याकडच्या गावातून घाटरस्त्याने नाशिकच्या मोठ्या रुग्णालयाकडे धाव घेण्यात वेळ दवडू नये. प्रतिविष असलेले जवळचे शासकीय रुग्णालय आधी गाठावे आणि पुढे न्यायचे की नाही, ते तेथील डॉक्टरांना ठरवू द्यावे. डोक्याला मार लागून वारंवार उलट्या, गुंगी किंवा बेशुद्धी आली, तर पुन्हा सीटी स्कॅन असलेलेच ठिकाण हवे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर किरकोळ वाटणारा मारही दाखवावा. साधा ताप, सर्दी किंवा खरचटणे यासाठी फॅमिली डॉक्टर पुरेसे आहेत. कुत्रा चावल्यास जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

श्वास कोंडणे, शुद्ध हरपणे किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल, तर १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका विनामूल्य असते. पैशांच्या चिंतेने कोणी अडून राहू नये : तातडीच्या वेळी जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयाचा पर्यायही लक्षात असू द्यावा.

माझा आग्रह एवढाच, की ही निवड शांत दिवशी करून ठेवावी. आपल्या भागातील दोन-तीन रुग्णालयांत स्वतः जाऊन रात्री डॉक्टर हजर असतात का, सीटी स्कॅन सुरू असतो का, मेडिक्लेम किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालते का, हे विचारावे. उत्तरे आणि फोन क्रमांक सासूबाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहावेत. चालू गोळ्यांची यादी त्याच पानावर असावी.